गुरुवारचा रकाना

सोमवारी सकाळी टेबलावरचा फोन वाजला आणि तिने तो उचलला, केवळ तो वाजायचा थांबावा म्हणून. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत तिला फोन येत नसत. आलाच तर एक्स-रे नाहीतर बिलिंग हवं असलेल्या कुणाचा तरी चुकून लागलेला असे. ती हॉस्पिटलची वेबसाइट सांभाळायची. कुठला डॉक्टर कुठल्या वारी बसतो, रक्ततपासणी किती वाजता, भेटायची वेळ कोणती, हे सगळं तिथल्या पानांवर चढवायचं आणि बदललं की बदलायचं. तिला सगळे ‘पानवाल्या बाई’ म्हणत. नाव पडलं तेव्हा लोक हसले होते, तीही हसली होती. नंतर हसणं विरून गेलं आणि नाव तेवढं उरलं. ‘एक विचारायचं होतं,’ पलीकडून एक वयस्क आवाज म्हणाला, ‘तुमच्या ओपीडीच्या तक्त्यात बुधवार नेमका कुठे संपतो?’ कुणीतरी थट्टा करतंय असं तिला वाटलं. मग तो आवाज म्हणाला, ‘थांबा हं, नीट सांगतो,’ आणि त्या ‘थांबा हं’वर ती दचकली, जिना उतरताना आहे समजून नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसं.

ते हॅलोकाका होते. सत्तावीस वर्षं ते हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत. खिडकीचं त्यांना काही नव्हतं. ते जन्मापासून आंधळे. पण साऱ्या हॉस्पिटलचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं. हाडांचे मोठे डॉक्टर मंगळवारी येतात पण महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी येत नाहीत, हे खुद्द त्या डॉक्टरांच्या आधी हॅलोकाकांना ठाऊक असे. शहरातून कुणीही फोन करावा, त्यांनी ‘थांबा हं’ म्हणावं आणि पुढच्या श्वासाला वार, वेळ, खोली क्रमांक सांगून मोकळं व्हावं. तिची आई शेवटचे अडीच महिने समोरच्या इमारतीतल्या वॉर्डात होती तेव्हा ती रोज पाच वाजता या खोलीतून फोन लावायची. नुसतं उचललं की काका म्हणायचे, ‘थांबा हं, जोडतो.’ कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आई गेल्यानंतर दहाव्या की अकराव्या दिवशी कामावर आल्यावर पाच वाजता तिचा हात आपसूक फोनकडे गेला. पलीकडे काका पहिल्यांदाच म्हणाले, ‘कुठे जोडू?’ तिला रडूही आलं नाही, ती नुसती फोन कानाला लावून बसली, आणि काकांनीही लाइन तोडली नाही. शेवटी तिनेच ठेवला. या गोष्टीबद्दल ती पुढे कुणाशी बोलली नाही, त्यांच्याशीही नाही. वर्षभराने एक्स्चेंज बंद करायचं ठरलं. त्यासाठी कार्यालयाला टिपण हवं होतं आणि टिपण तिने लिहिलं. सहा ओळींचं होतं. त्यातली चौथी ओळ तिला पाठ होती, कारण ती लिहिताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता: सर्व माहिती आता वेबसाइटवर सर्वांना सहज उपलब्ध आहे.

आता काका सांगत होते ते असं. काकूंच्या उजव्या हाताला गेलं वर्षभर कंप होता. पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडे. काकूंना दिसायचं, पण फोनच्या काचेवर बोट ठरायचं नाही, म्हणून वेळा बघण्याचं काम काकांकडे. काकांच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. बोट पुढे सरकवावं तसतसं तो एकेक गोष्ट बोलायचा. मेंदूविकाराच्या दुसऱ्या डॉक्टरांची ओळ त्यांनी तीनदा ऐकली, बोटं मोजली, बुधवार ठरवला. गेल्या बुधवारी दोन बस बदलून दोघं आले. दोन तास बाकावर बसले. मग खिडकीतल्या मुलीने सांगितलं, डॉक्टर गुरुवारी असतात. ‘परत जाताना हिचा पायऱ्यांवर तोल गेला. फार नाही, गुडघा खरचटला. ते काही नाही, ते होतं. पण ही आता यायलाच तयार नाही, मॅडम. दुसऱ्या कुणाला विचारूनही यायचं नाही म्हणते.’ मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि त्यांनी स्वर खाली घेतला. ‘म्हणते, तुम्ही वाचता ते खोटं असतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी म्हणाली नव्हती.’

‘मी बघते,’ ती म्हणाली.

‘बघा,’ काका म्हणाले आणि आपला नंबर सांगितला. तिने तो लिहून घेतला, पण आपण कोण ते सांगितलं नाही.

तक्ता देखणा होता. नऊ वर्षांपूर्वी तिनेच केला होता आणि तेव्हाच्या साहेबांनी चार लोकांत त्याचं कौतुक केलं होतं. डावीकडे विभाग, मग डॉक्टर, मग सोमवार ते शनिवार. वरची ओळ निळी आणि ठळक, एका विभागात दोन डॉक्टर असले की विभागाचं नाव एकदाच, दोन ओळींच्या उंचीच्या एका मोठ्या घरात, मधोमध. ज्या दिवशी डॉक्टर नाहीत ते घर कोरं. आधी वेळ घेऊनच यायचं असेल तर आकडे लाल. एका नजरेत सगळं. तिने कपाटातून कान झाकणारे हेडफोन काढले, वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला, आणि जरा वेळ विचार करून समोरचा पडदा बंद केला. काळ्या काचेत तिचाच चेहरा दिसायला लागला. तो बघवेना म्हणून डोळे मिटले. बाईचा एक सपाट आवाज बोलू लागला. तक्ता, बावीस ओळी, आठ रकाने. मग एक डॉक्टर. मग रिकामं. रिकामं. नऊ ते बारा. रिकामं. दोन ते चार. रिकामं. नऊ ते बारा म्हणजे कुणाचे नऊ, कुठल्या दिवशीचे बारा? बाई सांगत नव्हती. सांगणार कशी? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की वरची ओळ ही वारांची आहे. ती ठळक होती, निळी होती, पण ठळक आणि निळं हे डोळ्यांचं बोलणं. यंत्राच्या लेखी ती इतर घरांसारखी घरंच होती. लाल आकडे त्या आवाजात लाल नव्हते. आणि मेंदूविकारापाशी आल्यावर तिला ती चूक बोटांवर सापडली. पहिल्या डॉक्टरच्या ओळीत विभाग पहिला, डॉक्टर दुसरा, म्हणून पाचवं घर बुधवारचं. दुसऱ्या डॉक्टरच्या ओळीत विभागाचं घर नव्हतंच, ते वरच्या ओळीतच संपलेलं. तिथे पाचवं घर गुरुवारचं. काकांनी बरोबर मोजलं होतं. सत्तावीस वर्षांत ज्यांनी एकही चुकीचा वार सांगितला नव्हता, त्यांनी याही वेळी चुकवला नव्हता.

त्या दिवशी ती घरी गेली ती पाय ओढत. दमायला काही कारण नव्हतं. दमणं हल्ली कारणाची वाट बघत नसे. सकाळी तिच्या आधी उठून तिच्या चपलांपाशी उभं असे. नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून काहीतरी चाळत होता. मुलगी दूर शिकायला गेल्यापासून त्या टेबलाला चार खुर्च्या जास्त वाटत, म्हणजे दोन जास्त आणि दोन त्यांच्या. तिने फोनवर तक्ता उघडून त्याच्यासमोर ठेवला, स्वतः समोरच्या खुर्चीत बसून डोळे मिटले आणि म्हणाली, ‘वाच.’

‘काय वाचू?’

‘तिसरी ओळ. डावीकडून उजवीकडे. फक्त लिहिलंय तेवढंच.’

‘बरं. रिकामं. दहा ते एक. रिकामं. रिकामं. चार ते सहा—’

‘कुणाचं? कधी?’

‘अगं, वर लिहिलंय ना.’

‘वर म्हणजे कुठे?’

‘वर म्हणजे वर! इथे, सगळ्यात वर.’ तो काचेवर बोट आपटत असावा, टकटक ऐकू येत होती.

‘मला वर नाहीये,’ ती म्हणाली.

टकटक थांबली. तिने डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांमागे दिव्याचा तांबूस उजेड होता, म्हणजे तिचा अंधारसुद्धा खरा नव्हता. मग तो म्हणाला, ‘तुला बरं नाही का?’ आणि तिच्या मनात आलं, गेल्या कित्येक वर्षांत हा आपल्याशी असाच बोलत आलाय, वरचं गृहीत धरून. आपणही. कोण रागावलंय, कशावर, कधीपासून, ते वर कुठेतरी लिहिलेलं आहे अशा समजुतीने दोघं नुसते आकडे सांगत राहिलो. पण हे त्याला सांगायचं तर पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगावं लागलं असतं. ‘बरी आहे,’ ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

मंगळवारी ती साहेबांकडे गेली. साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नव्हते, फक्त कायम दुसरीकडे जायला निघालेले असत. तिचं ऐकता ऐकता ते टेबलावरचे कागद सारखे करत होते.

‘तीन महिन्यांत नवीन वेबसाइट येतेय आपली. बाहेरची कंपनी करतेय. तोवर जुन्याला हात लावायचा नाही असं ठरलंय, तुम्हाला माहितीये.’

‘तीन महिने लोक चुकीच्या वारी येतील.’

‘किती लोक? म्हणजे खरंच विचारतोय. आपलं पान बघणारे आंधळे लोक असे असतील किती?’

‘ते बघत नाहीत, सर. ऐकतात.’

‘तेच हो.’ तिने कागदावर काढून आणलेला नवा तक्ता त्यांनी हातात घेतला. ‘आणि हे काय? मेंदूविकार, मेंदूविकार, दोनदा? हाडं, हाडं, हाडं? वाईट दिसतं हो हे. कुणीतरी तोतरं बोलल्यासारखं.’

‘वाईट दिसतं,’ तिने कबूल केलं. ते खरंच वाईट दिसत होतं.

‘तीन महिने थांबा,’ साहेब म्हणाले आणि उठले. तीही उठली. जिन्यावरून वर येताना तिच्या मनात संताप शोधूनही सापडला नाही. तिच्या वयाला इतक्या लहान साहेबांचा संताप यायला हवा होता, किंवा निदान रडण्याचा कढ. पण एक्स्चेंज बंद झालं त्या दिवसाची आठवण तेवढी झाली. काका डबा आणि रेडिओ पिशवीत घालून, एका हाताने कठडा धरून तळघरातून वर येत होते आणि ती समोरून खाली उतरत होती. ती भिंतीला चिकटून उभी राहिली, श्वाससुद्धा रोखून. ते तिच्यासमोरून गेले. त्यांच्या कोपराचा तिच्या फाइलला ओझरता स्पर्श झाला आणि ते ‘माफ करा’ म्हणाले. तिने उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर कोण उभं आहे ते त्यांना कळलं असतं, एवढ्याचसाठी.

जागेवर येऊन तिने तक्ता उघडला आणि बदलायला घेतला. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. बेसिनमध्ये भांडी पडलीत, कुणीतरी घासायला हवीत, तसं वाटलं. आधी मोठी घरं फोडली. प्रत्येक ओळीत विभागाचं नाव लिहिलं, दोनदा तर दोनदा, तीनदा तर तीनदा. वरच्या आठ घरांना, तुम्ही मथळे आहात आणि तुमच्याखाली जे येईल ते तुमचं, असं यंत्राला कळेल अशा खुणा केल्या. डॉक्टरांच्या नावांनाही केल्या, म्हणजे उजवीकडे जाताना ओळ कुणाची ते सुटू नये. कोऱ्या घरांत ‘नाही’ लिहिलं. एकशे तीन वेळा ‘नाही’. साठ-सत्तरच्या पुढे तो शब्द शब्द राहिला नाही, नुसता बोटांचा आकार झाला. लाल आकड्यांपुढे ‘आधी वेळ घ्या’ लिहिलं. सगळ्यात वर तक्त्याला नाव दिलं, कारण नऊ वर्षांत त्याला नावच नव्हतं: बाह्यरुग्ण विभाग, डॉक्टरांचे वार आणि वेळा. मग पडदा बंद करून ऐकलं. दोन ठिकाणी चुकलं होतं, ते दुरुस्त केलं, पुन्हा ऐकलं. बुधवारी दुपारी तिने पान चढवलं आणि काकांना फोन लावला.

‘ऐका आता,’ ती म्हणाली.

काकांनी आपला फोन स्पीकरवर टाकला. त्यांच्या बोटाखाली तो सपाट आवाज चालू लागला, तिच्या कानात दुरून, खोक्यातून बोलल्यासारखा. मेंदूविकार. मग डॉक्टरांचं नाव. सोमवार, नाही. मंगळवार, नाही. बुधवार, नाही. गुरुवार, नऊ ते बारा. बोट थांबलं. मागे सरकलं. बुधवार, नाही. गुरुवार, नऊ ते बारा. असं त्यांनी चार वेळा केलं. तिला वाटलं होतं ते आनंदतील. बोट पाचव्यांदा मागे सरकलं.

‘काय म्हणतंय?’ मागून काकूंचा आवाज आला.

‘गुरुवार. उद्याच.’

‘मागच्या वेळीही असंच ठासून सांगितलं होतंत.’

‘अगं, आता ते स्वतःच वार सांगतंय. मोजायचं कामच नाही.’

काका फोनवर परत आले. ‘आभारी आहे, मॅडम,’ ते म्हणाले, अगदी परक्याशी बोलावं तसं. आता फोन ठेवायचा होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘काका, एक्स्चेंज बंद करायचं टिपण मी लिहिलं होतं.’

लाइनवर खरखर होती. तिला आईच्या वॉर्डचा नंबर आठवला, उगीचच.

‘कुणीतरी लिहिणारच होतं,’ काका म्हणाले.

‘पण लिहिलं मी.’

‘हं.’ त्या ‘हं’मध्ये काय होतं ते तिला पुढेही कधी उलगडलं नाही. क्षमा नव्हती एवढं नक्की, रागही नसावा. ‘ठेवू का? हिच्या औषधाची वेळ झालीये.’

गुरुवारी सकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या समोरच्या पडद्यावर तक्ता उघडा होता. परवानगीशिवाय बदल केल्याचा कागद तयार होता. तिने वाचून सही केली, तारीख घातली. ‘पूर्ववत करू का?’ तिने विचारलं. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘तेही तुम्हालाच सांगावं लागणार ना?’ ते कंटाळून म्हणाले. ‘राहू दे. तीन महिन्यांनी सगळंच जाणार आहे.’ तिने बाहेरच्या कंपनीला नव्या तक्त्याबद्दल लिहू का असं विचारलं. ‘लिहा. वाचतील असं नाही,’ साहेब म्हणाले. तिला ते खरं वाटलं, आणि ती लिहिणार होती हेही तिला ठाऊक होतं. जुन्या वेबसाइटवर आणखी चाळीस तक्ते होते.

वर जाण्याऐवजी ती तळमजल्यावर उतरली. मेंदूविकाराच्या दारासमोरच्या बोळात औषधी फिनेलचा वास होता आणि बाक भरलेले होते. पावणेदहा झाले होते. ती एकेक चेहरा बघत गेली. ते आलेले नव्हते. काकूंनी ऐकलं नसणार, कशाला ऐकतील? आपण जिथे मोजून पाय टाकला ती पायरी एकदा नसली की माणूस नंतर खऱ्या पायऱ्यांवरही बिचकतो. ती परत फिरली तेव्हा अगदी टोकाच्या बाकावर, खांबाआड, हॅलोकाका दिसले. म्हातारे झाले होते. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली होती आणि मान किंचित कलती, कुठली तरी घंटी वाजेल म्हणून ऐकत असल्यासारखी. शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर एक बायकी पिशवी होती. म्हणजे काकू आत होत्या. डॉक्टरांच्या दाराच्या आत.

ती समोरच्या भिंतीपाशी उभी राहिली. यावेळी श्वास रोखला नाही. तो आपला येत-जात राहिला. बोलावं की बोलू नये, ते ठरेना. काल फोनवर जे बोलून झालं त्यात भर घालण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि काकांनाही काही हवं असेल असं दिसत नव्हतं. वीस-एक मिनिटांनी दार उघडलं. काकू बाहेर आल्या. लहानखुऱ्या होत्या, उजवा हात डाव्या हाताने धरला होता, पाखरू धरावं तसा. काकांनी पावलांवरून ओळखलं असावं, कारण त्या बोलायच्या आधीच त्यांनी पिशवी उचलून जागा केली.

‘काय म्हणाले?’

‘गोळी बदललीये. हात एवढ्यात बरा होणार नाही म्हणाले. पण वाढू नये म्हणून.’ काकू टेकल्या.

‘परत कधी?’ काकांनी विचारलं.

काकूंच्या हातात चिठ्ठी होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. कागद थरथरत होता, अक्षरं नाचत असणार. मग त्यांनी ती वाचायचं सोडून दिलं आणि चौपदरी घडी करून काकांच्या शर्टाच्या खिशात सरकवली. ‘दीड महिन्याने म्हणाले. वार-बीर मी नाही विचारला,’ त्या म्हणाल्या. ‘अहो, घरी गेल्यावर तुम्हीच फोनवर बघा.’

काकांनी नुसती मान हलवली. काठी उलगडली, दोन सांधे खटखट बसवले आणि उठले. काकूंनी त्यांचं कोपर धरलं की त्यांनी काकूंचं, ते तिला तिथून नीट दिसलं नाही. दोघं बोळाच्या टोकाला वळेपर्यंत ती बघत राहिली आणि मग त्या मोकळ्या बाकावर बसली. बाक अजून उबदार होता. वर जायला हवं होतं, चाळीस तक्ते होते, कंपनीला पत्र होतं. साफसफाईवाली बाई बादली ढकलत जवळ आली. ‘पाय वर घ्या, बाई,’ ती म्हणाली. तिने दोन्ही पाय उचलले. ओलं फडकं खालून एकदा गेलं, एकदा आलं, बादलीचं चाक कुरकुरत पुढच्या बाकाकडे गेलं. फरशी वाळत आली तरी ती तशीच बसली होती, पाय अधांतरी धरून.